पहिली मात्रा

मोन्तेविदेओ. जुलै, म्हणजे आमच्याकडे कडाका.
कामगार संघाच्या वरच्या मजल्यावर
मंगळवारी सात वाजता इंग्रजी.
हीटर एक, विद्यार्थी अकरा,
माझ्या हातात झेरॉक्सचं पान : धडा नववा, संगीत.

रॉक. जॅझ. ब्लूज.
ब्लू म्हणजे निळा ना, झुल्मा म्हणाली (ती केस कापते),
मग निळ्यात रडण्यासारखं काय आहे?
त्यांच्याकडे दुःख निळं असतं, मी म्हटलं.
तिने ते निळ्या पेनाने लिहून घेतलं
आणि लिहिलेल्याकडे जरा संशयाने पाहिलं.

कंट्री. कुठल्या देशाचं? मागून कोणीतरी.
हेवी मेटल. वॉशिंग्टन पिंतोस खूष :
हा तर माझाच धंदा, भंगार!
किलोला काय भाव देतात तिकडे?

हसणं ओसरेपर्यंत मी फळा पुसला.
पुढे वाद्यं. चित्राखाली शब्द, सोपं काम.
पियानो, मी म्हटलं, हा तरी दोन्हीकडे एकच.

एलिओदोरो सिल्वेराने हात वर केला.
वय एकसष्ट. ढोल बांधतो.
सप्टेंबरात ब्रिस्टलच्या एका शाळेत
सहा आठवडे पोरांना ढोल शिकवणार होता.
तिकीट आलं होतं, शब्द यायचे होते.

"पियानो म्हणजे ढोल," तो म्हणाला.
"तिघांतला सगळ्यात मोठा. माझा भाऊ वाजवतो.
हे चित्रातलं टेबल
खांद्याला अडकवून चालणार कोण?"

मी घाईने पुढे गेले.
वाजवणं म्हणजे प्ले. खेळणं म्हणजेही प्ले.
आपण वाद्याला स्पर्श करतो, ते वाद्याशी खेळतात.
"आणि काम कधी करतात?"
शार्प म्हणजे धारदार, शिवाय तीव्र.
फ्लॅट म्हणजे कोमल, शिवाय राहायची जागा.
कोमल स्वर भाड्याने मिळतो, अशी त्याने नोंद केली.

पानाच्या तळाशी शेवटचा शब्द : रेस्ट.
जिथे काही वाजत नाही ती जागा.
आपण म्हणतो सिलेन्सियो, शांतता.
ते म्हणतात विश्रांती.

"चुकलंय," एलिओदोरो म्हणाला.
छापलंय, मी म्हटलं.
"मग छापताना चुकलंय."

बाक पुढे ओढला त्याने.
एका हातात माझी फूटपट्टी, दुसरा मोकळा.
"मी चिको वाजवतो, सगळ्यात लहान ढोल.
रात्रभर एकच बोल. चार मात्रा.
पहिली वाजवायची नाही.

        टक् धप् टक्
        टक् धप् टक्

पहिलीला हात हवेत. पण मी थांबलेलो नसतो.
रस्त्यावरच्या माणसांचं पाऊल
तिथेच तर पडतं, त्या रिकाम्या जागेवर.
मी विश्रांती घेत बसलो
तर ते पाय कुठे टाकतील?"

मग अकरा जण बाक बडवायला लागले.
झुल्माची अंगठी नेमकी पहिलीवर पडायची.
पिंतोस घाईत, एकटाच पुढे.
कितव्या तरी फेरीला कसं कोण जाणे
बावीस हात एकदम वर राहिले
आणि हीटरची घरघर ऐकू आली.
दिवे घालवायला आलेला पहारेकरी
दारातच उभा, त्याचा एक बूट हलत होता.
नऊ वाजले.
थंडी कुणालाच वाजत नव्हती.

ऑक्टोबरात ब्रिस्टलहून कार्ड आलं,
इंग्रजीत, अक्षर सुताराचं :
'पोरं चांगली. रेस्ट म्हटलं की
डोकं टेकून घोरल्याचं सोंग करतात.
म्हणून शब्दकोशात एस्पेरार पाहिलं.
समोर दोन शब्द होते, वेट आणि होप.
मी उच्चारायला सोपा तो घेतला.
आता पहिलीला सगळी हात वर करून ओरडतात,
होप! आणि मग टक् धप् टक्.
बरोबर आहे ना, बाई?'

बरोबर नाही.
वाट पाहणं वेगळं, आशा वेगळी,
इंग्रजीत ही दोन क्रियापदं आहेत, धडा अठरावा,
तो निघाला तेव्हा आम्ही चौदाव्यावर होतो.
त्याला कळवायला हवं.
रोज ठरवते,
आणि पोस्टाची तिकिटं आणायची राहतात.